खटका

ब्रेक दाबला तेव्हा रस्त्यावर एक चेंडू होता. नुसता चेंडू, टप्पे घेत चाललेला. त्याच्यामागे येणारं मूल अजून फाटकाच्या आतच होतं, आणि ते शेवटपर्यंत आलंच नाही. चेंडू पलीकडच्या कडेला जाऊन टेकला. गाडी त्याआधीच थांबली होती, इंजिन बंद पडलं होतं आणि माझा डावा हात शेजारच्या रिकाम्या सीटसमोर आडवा ताठ झालेला होता. त्या हाताला न जुमानता दगडू पुढे आला होता. दोन सीटांच्या मधल्या फटीतून ३६ किलोंचा कुत्रा निम्मा पुढे घुसलेला. छाती गिअरवर, एक पाय माझ्या मांडीखाली, तोंड डॅशबोर्डाच्या कडेला. आपटल्याचा आवाज फार मोठा नव्हता. रिकाम्या खोक्यात बटाटा टाकावा, तेवढाच. पण तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

तो ओरडला नाही. काय झालं ते बहुधा त्यालाही कळलं नसावं. त्यानं पाय सोडवून घेतला, उलटा सरकत मागे गेला, सीटखालच्या खळग्यात घसरला, धडपडत पुन्हा वर चढला. मग कान डोक्याला चिकटवून, शेपूट पोटाखाली घेऊन पुढे आला आणि माझं कोपर चाटलं. एकदा, आणि जरा थांबून दुसऱ्यांदा. घरात चप्पल फाडून ठेवली की तो असाच येतो. त्याच्या खालच्या ओठाला चीर पडली होती. कोपरावर लाळेबरोबर फिकट गुलाबी ओघळ आला.

चूक माझी, आणि माफी तो मागत होता.

ती माफी नव्हती, हे मला वाचून माहीत आहे. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधक बाईंनी २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. कुत्र्याचा तो ‘अपराधी’ चेहरा त्यानं खरोखर काही चोरून खाल्लं होतं की नाही, यावर ठरत नव्हता. माणूस रागावला की तो चेहरा येत होता, निरपराध कुत्र्यांच्याही तोंडावर. म्हणजे दगडूनं माझा अडकलेला श्वास ऐकला, काहीतरी बिनसलंय हे ओळखलं आणि मला शांत करायला आला. हे समजल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट जास्तच खटकलं. तोंड त्याचं फुटलं होतं आणि समजूत माझी काढली जात होती.

तोवर दगडू गाडीत मोकळाच असायचा. मागची अख्खी सीट त्याची. आधी उभा राहून दोन्ही काचांवर नाकाचे ठसे उमटवायचा, मग तीनदा गोल फिरायचा, मग हनुवटी माझ्या सीटच्या खांद्यावर ठेवून समोरचा रस्ता बघत बसायचा. त्याचा ऊन श्वास मानेला लागायचा. आरशात मागचा रस्ता निम्माच दिसायचा, उरलेल्यात त्याचा एक कान. पावसाळ्यात तर पाच मिनिटांत सगळ्या काचा धुरकटायच्या आणि ओल्या लोकरीचा वास घरी पोचेपर्यंत पुरायचा. मला हे सगळं मनापासून आवडायचं. कुणी म्हणालंच, की अगं, त्याला बांधत जा, तर माझं उत्तर तयार असायचं: तो अगदी शहाण्यासारखा बसतो. आता वाटतं, जणू शहाणपणानं बसलेल्या वस्तूला गाडी थांबल्यावर पुढे जायचं नसतं, असाच काहीतरी माझा समज होता. माझ्या शेजारी ठेवलेली पाण्याची बाटलीही शहाण्यासारखीच बसलेली होती. ती त्या दिवशी पेडलपाशी सापडली.

आणि तो आडवा हात. तो मी मुद्दाम घातला नव्हता, तो आपोआप गेला. बाबांचाही जायचा. लहानपणी मी पुढच्या सीटवर बसायचे, पट्टाबिट्टा काही नसायचं, आणि बाबांनी ब्रेक दाबला की त्यांचा हात माझ्या छातीसमोर यायचा. त्या हातावर माझा इतका विश्वास होता की पुढे काय आहे हे मी बघायचेही नाही. त्या गाडीत मागे आमचा काळा, दांडगा कुत्रा असायचा, त्याचं डोकं खिडकीबाहेर, ओठ वाऱ्यानं फडफडताहेत, डोळे किलकिले. माझ्या आठवणीतल्या सुखाच्या चित्रांपैकी ते एक आहे. त्या कुत्र्याला सारखा डोळ्यांचा त्रास व्हायचा, औषधाचे थेंब घालायला दोघांनी धरावं लागायचं, हेही आठवतं. या दोन आठवणी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. धूळ, किडे, बारीक खडे, सगळं त्या वेगानं थेट बुबुळावर यायचं. आणि बाबांचा तो हात? त्यांनी मला एखाद्या साध्या ब्रेकला सावरलं असेल. खऱ्या धडकेत तो हात कुणालाच अडवू शकला नसता.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. शाळेत शिकलेलं सूत्र अजून आठवत होतं याचंच आश्चर्य वाटलं. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. त्या वेगानं जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आत मोकळं बसलेलं जे काही आहे ते त्याच वेगानं पुढे जातं. दहा मीटरांवरून खाली पडणारी वस्तू जमिनीवर साधारण तेवढ्याच वेगानं आपटते. म्हणजे तिसऱ्या मजल्याची गच्ची. दगडूला मी रोज तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसवून हिंडवत होते, फक्त कठडा आडवा होता. पट्टा असता आणि गाडीचं नाक चेपता चेपता तो अर्धा-पाऊण मीटर अंतरात थांबला असता, तरी त्या पट्ट्यावर त्याच्या वजनाच्या पंधरा-सोळा पट ओढ आली असती. ३६ गुणिले १६. कागदावर ५७६ हा आकडा लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. दगडू पायाशी झोपला होता, स्वप्नात कुणाच्या तरी मागे धावत होता. माझ्या हाताला पाच किलोंची पिशवीसुद्धा जास्त वेळ पेलत नाही.

मग सुरू झाली पट्ट्यांची शोधाशोध, आणि तिनं मला आधीपेक्षा जास्तच घाबरवलं. ‘गाडीतल्या सुरक्षेसाठी’ असं लिहिलेले हार्नेस, म्हणजे छातीभोवती घालायचे पट्टे, ढिगानं मिळतात. त्यांतल्या पुष्कळांचा उपयोग कुत्रा मागून पुढे उडी मारू नये इतकाच असतो. अमेरिकेत लिंडसे वोल्को नावाच्या बाईंनी २०११ साली ‘सेंटर फॉर पेट सेफ्टी’ ही संस्था काढली, तीच मुळी या अनुभवातून. ब्रेक दाबल्यावर त्यांच्या कुत्रीला इजा झाली होती ती मोकळी असल्यामुळे नाही, तर अंगावरच्या ‘सुरक्षित’ पट्ट्यामुळे. संस्थेनं २०१३ मध्ये हार्नेस तपासले. खऱ्या कुत्र्यांच्या वजनाचे तीन आकारांचे बनावट कुत्रे केले, त्यांतला सर्वांत मोठा ३४ किलोंचा, आणि त्यांना सीटवर बांधून ताशी ४८ किलोमीटरची धडक दिली. त्या चाचण्यांची चित्रं मी पाहिली आणि बघायला नको होती असं वाटलं. शिवण उसवते, कडी सुटते, पट्टा गळ्याकडे सरकतो, कापडी कुत्रा सीटवरून उडून समोर आदळतो आणि लोंबकळत राहतो. तिन्ही आकारांचे कुत्रे सीटवर नीट धरून ठेवणारा हार्नेस त्या वेळी एकच निघाला. वेष्टनावरचं चित्र मात्र सगळ्यांचं सारखंच असतं: कुत्रा हसतोय, ऊन पडलंय.

माणसांचा पट्टा त्याला का चालत नाही, हा प्रश्न मला त्याआधी पडलाच नव्हता. निल्स बोलिन यांनी १९५९ साली व्होल्वोसाठी तीन टोकांचा पट्टा केला तो माणसाची हाडं डोळ्यांसमोर ठेवून. एक भाग कमरेच्या हाडावर, दुसरा खांद्यावरून तिरका. शरीर ताठ बसलेलं आणि पुढे तोंड केलेलं. दगडू कधी ताठ बसत नाही, आणि त्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाडच नाही. कुत्र्याच्या त्या हाडाचा नुसता अवशेष उरलेला असतो. पुढचे दोन्ही पाय धडाला जोडलेले असतात ते केवळ स्नायूंनी, जणू शरीर दोन पायांच्या मधल्या झोळीत टांगलंय. म्हणून ते इतके सुंदर धावतात. आणि म्हणूनच ओढ अंगावर कुठे घ्यायची, हा मोठा प्रश्न होतो. मानेवर तर नाहीच. गळ्यातल्या पट्ट्याला दोरी लावून गाडीत बांधणं म्हणजे धडकेच्या क्षणी फास आवळणं. ओढ घ्यायची ती छातीच्या हाडावर आणि फासळ्यांवर, रुंद आणि जाड पट्टीनं, भार पसरवून. हे समजल्यावर मी दगडूची छाती पहिल्यांदाच नीट चाचपली. मधोमध एक कणा असतो, होडीच्या तळासारखा. सहा वर्षं मी त्याला कुरवाळतेय, पण हे हाड बोटांना तोवर लागलं नव्हतं.

जो हार्नेस अखेर आणला तो जड, करडा आणि कुरूप आहे. लेक म्हणाली, “आई, हा पॅराशूटनं उडी मारणाऱ्यांचा वाटतो.” छातीवर तळहाताहून रुंद गादी, दोन्ही बाजूंना बक्कल, आणि गाडीचा स्वतःचा पट्टा पाठीवरच्या दोन जाड लुपांमधून ओवायचा. आधी मी वेगळी दोरी वापरणार होते, दोन्ही टोकांना कड्या असलेली. एका कडीवर बारीक अक्षरांत कोरलं होतं, ‘गिर्यारोहणासाठी नाही’. डोंगर चढणाऱ्यांच्या कडीवर ती किती किलोन्यूटन ओढ सोसते ते लिहिलेलं असतं, लांबीच्या दिशेनं बहुधा २० किंवा त्याहून जास्त. एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोंचा भार. माणूस जिच्यावर लटकू शकत नाही त्या कडीवर मी माझ्या कुत्र्याला लटकवणार होते. त्यातही ती दोरी चांगली दीड हात लांब, मध्ये रबर. मला ते रबर म्हणजे दयाळूपणा वाटला होता. त्याला जरा हलता येईल, वळता येईल, झटका बसणार नाही. पण दोरी जितकी सैल, तितका तो थांबण्याआधी पुढे जाणार आणि गाडी थांबलेली असताना त्याचा वेग तसाच राहणार. मग एकदम हिसका. आखूड पट्ट्यातला कुत्रा गाडीबरोबर थांबायला लागतो. लांब पट्ट्यातला गाडीच्या नंतर थांबतो. या ‘नंतर’मध्येच हाडं मोडतात.

म्हणजे मी द्यायला निघालेली मोकळीक हेच खरं संकट होतं. हे पचायला मला वेळ लागला.

पहिल्या दिवशी दगडूनं हार्नेस घालून घेतला, गाडीत चढला, मी पट्टा ओवला आणि खटकन् आवाज झाला. त्यानं मान वळवून पाठीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. पुढे यायला निघाला आणि दोन बोटांवर थांबला. पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. मग धपकन बसला आणि काचेकडे तोंड करून राहिला. मी आरशात बघितलं तर कान दिसला नाही, मागचा रस्ता पहिल्यांदाच पूर्ण दिसला. सबंध प्रवासात मानेला गार वाटत होतं. खरं सांगायचं तर त्याची हनुवटी खांद्यावर हवी होती ती मला, आणि इतकी वर्षं मी ती त्याची हौस म्हणून खपवली होती.

नवऱ्याचं म्हणणं पडलं, डिकीत मोठा पिंजरा ठेवू, भरपूर जागा, बांधाबांध नको. भरपूर जागा हीच तिथलीही अडचण. पिंजरा त्याला उभं राहून वळता येईल आणि आडवं होता येईल एवढाच हवा. त्याहून मोठ्या पिंजऱ्यात तो आतल्या आतच फेकला जाणार. शिवाय तारांचा घडीचा पिंजरा घरात झोपायला ठीक असतो. धडकेत तो पत्त्याच्या बंगल्यासारखा मिटतो आणि तारा आतल्या जनावरात घुसतात. खरे मजबूत पिंजरे असतात, पण तेही गाडीच्या सांगाड्यातल्या कड्यांना पट्ट्यांनी करकचून बांधावे लागतात, मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून. शिवाय बऱ्याच गाड्यांची डिकी म्हणजे मागून धडक बसली तर चेपण्यासाठीच सोडलेली जागा. सीट आणि डिकी यांच्यामध्ये जाळी लावता येते, पण जाळी वाचवते पुढे बसलेल्यांना. कुत्रा जाळीवर आदळणारच. आणि पुढची सीट तर विचारातही घ्यायची नाही. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, मोठ्या माणसाच्या छातीचा अंदाज धरून. तिथे दगडूचं तोंड असतं.

तरी पिंजरा आमच्या डोक्यातून जाईना, म्हणून एका रविवारी मी एक वेडेपणा केला. रिकाम्या मोकळ्या मैदानात मी डिकीत आडवी झाले आणि नवऱ्याला म्हटलं, चालव, पळत्या माणसाइतक्या वेगानं. लेक बाहेर उभी राहून हसत होती. पहिल्याच वळणावर मी घरंगळले. प्लास्टिकच्या पत्र्यावर धरायला काहीच नव्हतं, आणि मला तर बोटं आहेत. बाहेरचं काही दिसत नव्हतं, फक्त आभाळ आणि एकदा एक झाडाचा शेंडा. वळण कुठल्या बाजूला येणार ते कळायचं नाही, ते आधी पोटाला कळायचं. चाकांचा आवाज थेट कानात. मागच्या काचेतून आलेला उन्हाचा पट्टा माझ्या गालावर पडला, आणि गाडी वळली की तो निघून जायचा, सरळ झाली की परत यायचा. तीन मिनिटांनी मला मळमळायला लागलं. दगडू पिल्लू असताना गाडीत हटकून ओकायचा, आणि मी कागदानं पुसता पुसता वैतागायचे. प्रवासाआधी काही तास खायला देऊ नये, एवढं साधं मला डॉक्टरांनी सांगेपर्यंत सुचलं नव्हतं. डिकीतून बाहेर पडले तेव्हा गुडघे थरथरत होते आणि नवरा विचारत होता, “झालं समाधान?”

त्या दिवसापासून मी हळू वळते. ही त्या मैदानाची मिळकत. त्याच्या अंगाखाली पाय घसरू नये म्हणून जाड रबरी चटई आली, मधला खळगा भरून काढला. कारण त्याच्या बाजूनं बघितल्यावर कळलं, की कुत्रा गाडीत बसतो असं आपण म्हणतो, पण तो खरं तर सबंध वेळ तोल सांभाळत असतो. आणि त्याला बांधल्यावर त्याची आणखी काही कामं माझ्याकडे आली. ऊन अंगावर आलं तर पूर्वी तो उठून सावलीत सरकायचा. आता उन्हाचा पट्टा कुठे पडेल ते मला बघावं लागतं, काचेला पडदा लावावा लागतो. खिडकीच्या बटणावर पाय पडून काच वर जाऊ नये म्हणून ती बटणं कायम बंद. उतरताना खटका आधी सोडायचा नाही. आधी गाडीभोवती नजर, मग दोरी हातात, मग खटका. दार उघडल्या उघडल्या रस्त्यावर झेप घेणारा कुत्रा एकदाच झेप घेतो. गाडी थांबवून ‘पाच मिनिटांत येते’ म्हणणं तर मी सोडूनच दिलं. बाहेर २४ अंशांची सुखद हवा असली तरी बंद गाडी दहा मिनिटांत ३४ वर आणि अर्ध्या तासात ४३ च्या आसपास जाते. काच चार बोटं खाली ठेवल्यानं त्यात फारसा फरक पडत नाही. त्याच्याकडे अंग गार करणारा घाम नाही, फक्त जीभ आहे.

गेल्या वर्षापासून त्याला उडी मारून चढणं जड जातंय. मोठ्या कुत्र्यांचे सांधे लवकर थकतात, आणि चढण्यापेक्षा उतरताना पुढच्या पायांवर जास्त भार येतो. उताराची फळी आणली तर पहिले चार दिवस तो तिच्या बाजूनं चालत जाऊन गाडीपाशी उभा राहायचा, मला उचल म्हणून. उचलतेही कधी कधी. एक हात छातीखाली, एक मागच्या मांड्यांमागे, कंबर न वाकवता गुडघ्यांतून. ३६ किलो तेव्हा खरे कळतात. तो त्या वेळी अंग सैल सोडून दूर कुठे तरी बघतो, हे सगळं दुसऱ्याच कुणाचं चाललंय असं दाखवत.

परवा पुन्हा तसा ब्रेक लागला. या वेळी चेंडू नव्हता, समोरच्या गाडीनं काही न सांगता थांबायचं ठरवलं होतं. चाकं किंचाळली, माझा पट्टा खांद्यात रुतला, आणि डावा हात पुन्हा गेलाच, रिकाम्या सीटसमोर आडवा. मागे पट्ट्याचा ‘कर्र’ असा आखूड आवाज झाला आणि संपला. आरशात पाहिलं. दगडू जिथे होता तिथेच होता, जरा तिरका, पाय फाकवलेले, डोळे मोठे. माझा श्वास अडकलेला त्यानं ऐकला असणार, कारण कान मागे गेले, मान खाली गेली आणि तो पुढे यायला निघाला. दोन बोटांवर थांबला. पुन्हा निघाला, पुन्हा थांबला. मग तिथूनच, माझ्या कोपराच्या दिशेनं, त्यानं हवेत एकदा जीभ फिरवली.

मागचे हॉर्न वाजवायला लागले होते. मी गाडी पुढे नेऊन कडेला उभी केली, माझा खटका सोडला आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.